जीपीएसवरून १० मेगाहर्ट्झ: कोकणात याची खरंच गरज आहे का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात खाडीच्या तोंडाशी घर आहे. हौशी रेडिओचा जनरल ग्रेडचा परवाना आहे, एचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या खाली) अधूनमधून असतो, पण सध्या सगळा वेळ क्यूओ-१०० ऐकण्यात जातोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कतारचा एसहेल-२ हा दूरचित्रवाणीचा उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये वर गेला. त्यावर हौशी रेडिओसाठी ट्रान्सपॉन्डर (संकेत घेऊन परत खाली पाठवणारे संच) बसवलेले आहेत, त्यांनाच क्यूओ-१०० म्हणतात. भूस्थिर कक्षेतला हौशींचा हा पहिलाच. २४०० मेगाहर्ट्झवर पाठवायचं आणि १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झमध्ये ऐकायचं. उपग्रह २५.९ अंश पूर्वेला आहे, त्यामुळे आपल्याकडून तो पश्चिम-नैऋत्येला, क्षितिजापासून साधारण ३३ अंश वर येतो. ताटलीचं तोंड सरळ समुद्राकडे. मध्ये डोंगर नाही, इमारत नाही. सह्याद्री पाठीला घेऊन बसलेल्या आपल्यासारख्यांना याहून सोयीचा उपग्रह मिळायचा नाही.

जुन्या डीटीएचची ताटली, साधा एलएनबी (ताटलीपुढचा, वारंवारता खाली आणणारा डबा) आणि एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा रेडिओ) एवढ्यावर काम चालू आहे. सकाळी सगळं ठीक असतं. ऊन चढलं की बीकन (उपग्रहाचा सतत येणारा खुणेचा संकेत) सरकायला लागतो, आणि ढग आला की परत फिरतो. कारण उघड आहे. एलएनबीत २५ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो, तो ३९० पट करून ९७५० मेगाहर्ट्झ बनवतात. स्फटिक १ पीपीएम (दहा लाखांत एक) हलला की इकडे ९.७५ किलोहर्ट्झचा फरक. एसएसबी पद्धतीचं एक बोलणं जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद, त्यामुळे माणूस बोलता बोलता हातातून निसटतो.

जीपीएसवर लॉक केलेला १० मेगाहर्ट्झचा संदर्भ बनवावा असं मनात आहे. स्वस्तातलं मॉड्यूल थेट चालेल, की ओव्हनवाला (आतच एका तापमानाला तापवून ठेवलेला) स्फटिक लागेलच? घराभोवती माडांची दाटी आहे, पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. आपल्या बाजूला कुणी हे केलं असेल तर सविस्तर लिहा.

लघुलहर

अलिबागहून. आधी एक प्रश्न विचारतो, कारण हल्ली जो तो उठतो आणि जीपीएसडीओ (जीपीएसच्या ताब्यात ठेवलेला स्फटिक) मागवतो: तुम्हाला अचूकता कुठल्या बँडवर हवी आहे?

७ मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे ७ हर्ट्झ. एसएसबीत ते कुणाच्या कानाला कळत नाही. आजच्या बऱ्याच रिग्जमध्ये (रेडिओ संचांत) अर्ध्या पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा स्फटिक) असतो, म्हणजे २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झ) फार तर ७ हर्ट्झची चूक. एफटी-८ ला (संगणकाने संदेश पाठवायची पद्धत) तर याने काहीच होत नाही. १४४ वर गेलात की तोच १ पीपीएम १४४ हर्ट्झ होतो, तिथे थोडा विचार करावा. २४०० वर २.४ किलोहर्ट्झ, आणि १० गिगाहर्ट्झला तुम्ही बघताच आहात. म्हणून नुसत्या एचएफवाल्याने जीपीएसडीओ घेणं मला हौसेचा भाग वाटतो. हौसेला मोल नाही हे मान्य, पण गरज म्हणून सांगू नका.

एचएफची रिग जुळवायला प्रमाण-वेळेची केंद्रं आहेत. पूर्वी आपल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए दिल्लीहून १० मेगाहर्ट्झवर यायचं, ते बंद झालं. चीनचं बीपीएम मात्र ५, १० आणि १५ वर येतं, किनाऱ्यावर रात्री चांगलं लागतं. रिग ९.९९९ वर यूएसबीत (अप्पर साइडबँड) ठेवा, संगणकावर आवाजाचा वर्णपट बघा. सूर १००० हर्ट्झवर दिसला पाहिजे. जेवढा फरक, तेवढी तुमच्या रिगची चूक. आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) वरखाली होतं म्हणून यात एखाद्या हर्ट्झची डॉप्लरची सरमिसळ येते. पण १० मेगाहर्ट्झला १ हर्ट्झ म्हणजे ०.१ पीपीएम. फुकटात याहून काय हवं?

खाडीकाठ यांचं काम मात्र १० गिगाहर्ट्झचं आहे. त्यांना संदर्भ हवाच.

चिरेबंदी

लघुलहर काकांशी सहमत. आता यंत्रणा कशी चालते ते लिहितो, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल.

जीपीएस उपग्रहांत अणुघड्याळं असतात, त्यांच्यावर जमिनीवरून नजर ठेवतात. रिसीव्हर त्यांच्याकडून वेळ सोडवतो आणि दर सेकंदाला एक स्पंद बाहेर देतो, त्याला १ पीपीएस म्हणतात. हा स्पंद सरासरीने खरा, पण एकेकटा बघितला तर लबाड. साध्या रिसीव्हरमध्ये तो पुढेमागे ३० नॅनोसेकंद तरी डुलतो असं धरा. आता हिशेब करा. एका सेकंदात ३० नॅनोसेकंदांची चूक म्हणजे ३० पीपीबी (अब्जात ३०), १० गिगाहर्ट्झवर ३०० हर्ट्झ. तीच चूक १००० सेकंदांवर पसरली की ०.०३ पीपीबी, म्हणजे ०.३ हर्ट्झ. जितका धीर धराल तितका जीपीएस खरा होत जातो.

ओसीएक्सओचं उलट. चांगला ओव्हनवाला स्फटिक सेकंदा-दोन सेकंदांत हलत नाही, पण दिवस-आठवड्यांत हळूहळू वाहत जातो. जीपीएसडीओ म्हणजे या दोघांची सांगड. स्फटिकाची लाट मोजायची, स्पंदाशी तिचा फेज किती सरकला ते बघायचं, आणि शंभर ते हजार सेकंदांची सरासरी घेऊन स्फटिकाच्या कंट्रोल पिनला व्होल्टेज अगदी किंचित हलवायचं. तांडेल दीपगृह बघून होडी हाकतो, पण दिवा दर वेळी लुकलुकला म्हणून सुकाणू फिरवत नाही. तसंच हे.

हौशींमध्ये ही कल्पना जुनी आहे. ब्रुक्स शेरा यांनी क्यूएसटी या हौशी रेडिओच्या मासिकाच्या जुलै १९९८ च्या अंकात असा नियंत्रक दिला होता. तेव्हा तर अमेरिकेने जीपीएसचा नागरी संकेत मुद्दाम बिघडवलेला असायचा, ते प्रकरण मे २००० मध्ये बंद झालं. तरीही लांब सरासरीमुळे तो चालत होता. आज आपल्याला आयता स्वच्छ संकेत मिळतो, आणि शेराच्या डब्यातलं बरंचसं काम एक आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) करतो.

नवा_ऐकणारा

क्षमस्व, बाळबोध प्रश्न. माझ्या फोनमध्ये जीपीएस आहेच. त्यातून ही वारंवारता घेता येणार नाही का?

चिरेबंदी

@नवा_ऐकणारा, नाही. फोनच्या चिपमधला स्पंद बाहेर आणलेला नसतो, तुम्हाला मिळते ती ॲपमधून आलेली वेळ. ती घड्याळ लावायला ठीक आहे, पण नॅनोसेकंदांची भाषा तिथे संपते. ज्या मॉड्यूलला पीपीएसची पिन आहे तेच घ्या.

मिऱ्याबंदर

रत्नागिरी. मी स्वस्तातला मार्ग वापरतो, त्याची बाजू मांडतो.

यू-ब्लॉक्स कंपनीच्या ७ आणि ८ मालिकेतल्या मॉड्यूलना त्या टाइमपल्सच्या (पीपीएसच्या) पिनवर हवी ती वारंवारता द्यायला सांगता येतं, १० मेगाहर्ट्झपर्यंत. ६एम घेऊ नका, त्यातून १ किलोहर्ट्झच्या वर जाता येत नाही. आणि १० मेगाहर्ट्झ मागू नका, ८ मागा. आतलं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं असतं. ४८ ला ६ ने भागलं की ८ स्वच्छ निघतात. १० साठी ४.८ ने भागावं लागतं, ते जमत नाही, मग चिप कधी ४ ने कधी ५ ने भागून सरासरी १० दाखवते. ऑसिलोस्कोपवर ती लाट बघवत नाही.

पण एक ध्यानात ठेवा: ८ गुणिले १८ बरोबर १४४. दोन मीटरच्या बँडच्या बरोबर उंबरठ्यावर शिट्टी ऐकू येईल. डबा पत्र्याचा करा आणि तारा बाहेर काढताना फेराइट घाला.

दुसरं, बऱ्याच स्वस्त मॉड्यूलमध्ये फ्लॅश मेमरी नसते. छोटी बॅटरी संपली की सेटिंग पुसलं जातं आणि परत १ हर्ट्झचा स्पंद सुरू होतो. म्हणून एक छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवून दर वेळी चालू करताना सेटिंग पाठवायचं. पाच-दहा ओळींचा प्रोग्राम.

माझ्या यूबिटएक्सला मी असाच संदर्भ देतो. अशर फरहान यांचा हा रेडिओ आपल्यासारख्यांना फार सोयीचा, कारण सगळ्या वारंवारता एसआय५३५१ या एकाच चिपमधून येतात. त्याचा २५ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढून बाहेरचा संदर्भ छोट्या कपॅसिटरमधून दिला की झालं. लेव्हल १ व्होल्ट पीक-टू-पीकच्या वर जाऊ देऊ नका.

चिरेबंदी

@मिऱ्याबंदर, एचएफसाठी पूर्ण मान्य. पण खाडीकाठ यांनी हेच एलएनबीला जोडलं तर निराशा होईल.

वारंवारता पटीत वाढवली की तिचा फेज नॉइजही (लाटेतली बारीक थरथर) वाढतो. ३९० पटीला साधारण ५२ डेसिबल. यूबिटएक्सवर जो गढूळपणा जाणवत नाही तो १० गिगाहर्ट्झवर बीकनच्या दोन्ही बाजूंना झालर होऊन उभा राहतो. सरासरी वारंवारता अचूक असेल, पण कुणाचा आवाज निवळ येणार नाही. या कामाला मधे शांत स्फटिक हवाच, मग तो ओसीएक्सओ असो की बऱ्यापैकी व्हीसीएक्सओ (व्होल्टेजने हलवता येणारा स्फटिक). त्याला पीपीएसने संथपणे ओढायचं आणि त्याच्या लाटेतून पुढचे २५ मेगाहर्ट्झ बनवायचे.

लघुलहर

माझ्या मते खाडीकाठ यांना सध्या यातलं काहीच लागणार नाही. (आधी म्हणालो संदर्भ हवाच, आता हे. पण पूर्ण वाचा.)

क्यूओ-१०० स्वतःच संदर्भ घेऊन बसला आहे. नॅरोबँड ट्रान्सपॉन्डरच्या मधोमध, १०४८९.७५० वर, पीएसकेचा बीकन असतो. एसडीआर कन्सोल या प्रणालीत त्या बीकनला धरून ठेवायची सोय आहे. एलएनबी उन्हात कितीही नाचला तरी प्रणाली तेवढंच उलट सरकवते. नुसतं ऐकायचं असेल तर पैसे खर्च करायची गरज नाही.

पाठवायचं ठरवलंत की मात्र चित्र बदलतं. तुमचा २४०० चा संकेत कुठे पडतोय हे तुम्हाला परतीच्या संकेतावरूनच कळेल, आणि दोन्ही बाजू हलत असतील तर डोकं फिरेल. तिथे एक जीपीएसडीओ पाठवणाऱ्या रिगला आणि एलएनबीला दोघांना द्यावा. आयसी-९७०० सारख्या रिगला तर १० मेगाहर्ट्झचं इनपुटच असतं. आणि परवान्यातली वारंवारतांची यादी आधी नीट वाचा.

पोफळीबाग

वेंगुर्ल्यासून नमस्कार. ह्या सगळा बरा असा, पण माझ्या पोफळींच्या दाटीत त्या उपग्रहांक वाट गावतली काय? झाडाखाली जीपीएसचो फोन सुद्धा धड रस्तो दाखवणा नाय.

मिऱ्याबंदर

@पोफळीबाग, वाट गावतली, पण ॲन्टेना वर काढूक व्हयी.

याच मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या मंचांवर हे कुणी सांगत नाही. जीपीएसचा संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झचा आणि तो येतो २०,२०० किलोमीटरवरून, त्यामुळे मुळातच नाजूक. पावसाने त्याला विशेष काही होत नाही. उलट १० गिगाहर्ट्झला आपल्या जुलैच्या सरींमध्ये बीकन बुडालेला मी बघितलाय. जीपीएसचा खरा शत्रू ओली झावळ. पानात पाणी भरलं की तिच्यामागचा उपग्रह गेला असं समजा. म्हणून ॲन्टेना कौलांच्या पन्हाळीला चिकटवू नका. एक पीव्हीसीचा पाईप घ्या, आढ्याच्या वर हात-दीड हात निघेल असा, आणि त्याच्या डोक्यावर बसवा.

मॉड्यूलबरोबर येतो तो चौकोनी चुंबकवाला पॅच दोन पावसाळेही टिकत नाही, आत खारी हवा शिरते. ट्रॉलरवर वापरतात तो अळंबीच्या आकाराचा ॲन्टेना बघा. बंदरात जुनं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो, समुद्राचं पाणी खायलाच तो बनवलेला असतो. फक्त किती व्होल्टवर चालतो ते तपासा. काही ५ व्होल्टचे असतात, मॉड्यूल ३.३ देतं. आणि काही जुन्या होड्यांवरच्या अळंबीत ॲन्टेना नाही, अख्खा रिसीव्हर असतो. तारेत दोनाहून जास्त वायरी दिसल्या तर परत ठेवा.

केबल: केबल टीव्हीची आरजी-६ वापरा. ७५ ओहमची आहे म्हणून नाक मुरडू नका, या कामाला ती उत्तम. २० मीटरला पाच-सहा डेसिबल जातात, ॲन्टेनातला ॲम्प्लिफायर ते भरून काढतो. बारीक काळी आरजी-१७४ लांबवली तर मात्र संकेत वाटेतच संपेल. केबलमधे मीटरला चारेक नॅनोसेकंदांचा उशीर होतो, त्याची काळजी नको. उशीर कायम तेवढाच असतो, त्याने वेळ मागे पडेल, वारंवारता नाही.

जोडांना सिलिकोन लावणार असाल तर व्हिनेगरचा वास येणारं घेऊ नका, ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा.

समुद्रवारा

महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, परवाना नाही, पण धागा वाचून राहवलं नाही.

झाडांबरोबर आयनांबराचाही विचार करा. आपण विषुववृत्तापासून तितके दूर नाही. सूर्यास्तानंतर आपल्या डोक्यावरच्या आयनांबरात इलेक्ट्रॉन कमी असलेले बुडबुडे उठतात आणि त्यातून येणारा जीपीएसचा संकेत लुकलुकतो. याला सिंटिलेशन म्हणतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, रात्री आठ ते बारा, आणि सूर्यावरच्या डागांचं प्रमाण जास्त असेल त्या वर्षी हे ठळक होतं. उपग्रह एकामागून एक सुटतात आणि परत येतात. तुमच्या यंत्रणेची सरासरी हजार सेकंदांची असेल तर फार बिघडत नाही, पण रात्री पीपीएस जरा जास्त डुलताना दिसला तर ॲन्टेना उपटून बघायची घाई करू नका.

अवांतर: लघुलहर यांच्या अलिबागेत १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईतल्या कुलाब्याला विजेवरच्या ट्राम येणार म्हणून ती तिथून अलिबागेत हलवली होती. आयनांबरातल्या विद्युतप्रवाहांची नोंद तिथल्या आलेखांत रोज उमटते.

चिरेबंदी

@समुद्रवारा ताई, उत्तम माहिती. वाचनखूण साठवली. याला पूरक: टाइमिंगसाठी बनवलेले रिसीव्हर, उदाहरणार्थ यू-ब्लॉक्सचे टी अक्षर लागलेले, आधी काही तास आपली जागा मोजतात आणि मग ती पक्की धरतात. नंतर अक्षांश, रेखांश, उंची सोडवायची गरज उरत नाही, फक्त वेळ सोडवायची. अशा वेळी एक उपग्रह दिसला तरी भागतं. माडांमध्ये राहणाऱ्याने थोडे जास्त पैसे घालून असलाच घ्यावा. माझ्या दृष्टीने ओसीएक्सओपेक्षाही हा खर्च आधी करावा.

देवगडचा_हापूस

आपलं नाविक (भारताची दिशादर्शक उपग्रहांची प्रणाली) सोडून सगळे जीपीएस जीपीएस का करताय? ते तर सतत आपल्या डोक्यावर असतं ना?

लघुलहर

मुद्दा चांगला आहे. नाविकचे उपग्रह भूस्थिर आणि भूसमकालिक कक्षांत आहेत, आपल्याकडून ते आकाशात बरेच वर राहतात, झाडांतल्या माणसाला हे सोयीचंच. अडचण दोन प्रकारची. सुरुवातीचे उपग्रह एल-५ म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ आणि एस बँडवर बोलतात, आपल्या हातातली स्वस्त मॉड्यूलं फक्त एल-१ (जीपीएसचे ते १५७५.४२) ऐकतात. एल-१ वर बोलणारा पहिला एनव्हीएस-०१, २९ मे २०२३ ला गेला, त्यात भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळही आहे. दुसरी अडचण घड्याळांचीच. आधीच्या उपग्रहांतली परदेशी रुबिडियम घड्याळं बंद पडत गेली. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. त्यामुळे आज केवळ नाविकवर विसंबून संदर्भ बनवा असं मी सांगणार नाही. अनेक प्रणाली एकत्र ऐकणारं मॉड्यूल मिळालं तर जरूर घ्या.

समुद्रवारा

घड्याळांवरून आठवलं, विद्यार्थ्यांना हे फार आवडतं. उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. गुरुत्व कमी म्हणून पुढे, वेगामुळे थोडं मागे, निव्वळ ३८ पुढे. म्हणून जीपीएसचा मूळ १०.२३ मेगाहर्ट्झ वर पाठवताना मुद्दाम १०.२२९९९९९९५४३ वर लावलेला असतो, की जमिनीवरून बघताना तो बरोबर १०.२३ दिसावा. तुमच्या पीपीबीच्या भाषेत ही दुरुस्ती साधारण ०.४५ पीपीबी. ती केली नसती तर १० गिगाहर्ट्झवर तुम्हाला साडेचार हर्ट्झची चूक दिसली असती.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एसडीआर कन्सोलमध्ये बीकन लॉक लावून पाहिला. दुपारच्या उन्हातही बोलणं जागेवर बसलं. ऐकण्यापुरता प्रश्न मिटला. पण मला पाठवायचंही आहे, त्यामुळे बनवणार.

अजून दोन शंका. ओसीएक्सओ तापायला किती वीज खातो? इकडे पावसात लाईट गेली की चार-सहा तास येत नाही. आणि बनवल्यावर तो खरंच बरोबर आहे हे तपासायचं कशाशी? माझ्याकडे त्याहून अचूक असं काहीच नाही.

चिरेबंदी

विजेचं: १२ व्होल्टचा साधारण ओसीएक्सओ गार असताना काही मिनिटं जवळजवळ १ ॲम्पियर ओढतो, मग पाव ॲम्पियरच्या आसपास स्थिरावतो. यूपीएसमधली ७ ॲम्पियर-तासांची बॅटरी त्याला रात्रभर सांभाळेल. मॉड्यूलचं खाणं नगण्य. बॅटरी नेहमी जोडलेलीच ठेवा, कारण ओव्हन गार पडला की स्फटिकाला परत पहिल्या जागी यायला बराच वेळ लागतो. तुमची १०० वॉटची रिग त्याच बॅटरीवर लावू नका, पाठवताना व्होल्टेज दचकतं आणि ओव्हनही दचकतो. डबा पंख्याच्या झोतात किंवा खिडकीपाशी नको. चिऱ्याच्या भिंतीतला कोनाडा उत्तम, दिवसभर तापमान फारसं हलत नाही. नाहीतरी कोनाड्यांना आता काय काम उरलंय!

तपासणीचं: एकटा संदर्भ स्वतःला तपासू शकत नाही, हे खरं. दुसऱ्या कुणाचा तरी स्वतंत्र जीपीएसडीओ आणा. दोन्ही ऑसिलोस्कोपला लावा, एकावर ट्रिगर करा आणि दुसऱ्याची लाट सरकते का बघा. १० मेगाहर्ट्झची एक लाट १०० नॅनोसेकंदांची. १०० सेकंदांत एक पूर्ण लाट सरकली तर दोघांत १ पीपीबीचा फरक. चांगले दोन डबे असतील तर लाट पुढेमागे थोडी डोलते, पण एका दिशेला चालत जात नाही. चालत जात असेल तर दोघांपैकी एक लॉक नाही, आणि बहुतेक वेळा त्याचाही लॉकचा हिरवा दिवा लागलेलाच असतो. दिव्यावर विश्वास ठेवू नका, कंट्रोल व्होल्टेजचा आलेख ठेवा. ते दोन्ही टोकांपैकी एकाला जाऊन टेकलं असेल तर स्फटिक म्हातारा झाला आहे. जुन्या दूरसंचार केंद्रांतून काढलेले ओसीएक्सओ विकत घेताना हे हमखास बघा.

मिऱ्याबंदर

एलएनबीबद्दल एक. दोन तोंडांचा घेतलात तर एका तोंडाने संकेत खाली आणता येतो आणि दुसऱ्याने २५ मेगाहर्ट्झ वर देता येतो. आतलं सर्किट थोडं खरवडावं लागतं. नॅरोबँडचा संकेत उभ्या ध्रुवणाचा आहे, म्हणून १३ व्होल्टच द्या, १८ नको. उघडलेला एलएनबी परत बंद करताना घाई केली तर पहिल्याच पावसात आत पाणी. ते काम मे महिन्याच्या आत उरका.

विजांचंही बोलायला हवं. पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी आपल्याकडे जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाईपला जमिनीत गाडलेल्या पट्टीशी जोडा, आणि घरात येणाऱ्या केबलला वायुनळीचा अरेस्टर लावा. जीपीएसच्या केबलमधून ॲन्टेनाला डीसी जातो, तो अडवणारा अरेस्टर घेऊ नका.

नवा_ऐकणारा

परत मीच. माझ्याकडे फक्त १४४ ची रिग आहे. उन्हाळ्यात आखाताकडचे एफएम इकडे लागतात असं ऐकलंय. त्याला हे जीपीएसचं काही उपयोगी?

लघुलहर

लागतात. पावसाळ्याआधी समुद्रावर गरम कोरड्या हवेचा थर दमट हवेवर बसतो आणि व्हीएचएफ त्याच्याखालून वाहत जातं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारला अरबस्तानचा किनारा दिसल्याची नोंद आहे, ती याच थरामुळे. संध्याकाळ ते पहाट, समुद्राकडे तोंड करून ऐका.

त्यासाठी जीपीएसडीओ लागत नाही. डब्ल्यूएसपीआर (कमी पॉवरचा संकेत कुठवर पोचतो ते बघायची पद्धत) लावा, दोन मीटरवर डायल १४४.४८९ यूएसबी. खिडकी २०० हर्ट्झची, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे १००. तुमची रिग १ पीपीएम चुकली तर १४४ हर्ट्झ, खिडकीच्या बाहेर. म्हणून आधी जुळवून घ्या. त्याहून महत्त्वाचं, पाठवणं जवळपास १११ सेकंद चालतं, तेवढ्यात रिग तापून काही हर्ट्झहून जास्त सरकू देऊ नका. पॉवर कमी ठेवा, रिग अर्धा तास आधी चालू करा. आणि वेळ: प्रत्येक सम मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला सुरुवात व्हावी लागते. इथे एक स्वस्तातलं जीपीएस मॉड्यूल खरंच कामाला येतं, संगणकाचं घड्याळ लावायला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे मोबाइलचं जाळं कित्येक दिवस नव्हतं. इंटरनेटवरून वेळ घेणारे सगळे संगणक आपापल्या मनाने चालत होते. एफटी-८ ला दोनेक सेकंदांच्या पुढे चूक गेली की कुणी कुणाला वाचू शकत नाही.

मिऱ्याबंदर

@नवा_ऐकणारा, तर यंदा एप्रिलपासून मी १४४.४८९ वर रोज संध्याकाळी ऐकत असेन, ॲन्टेना पश्चिमेला. तुम्ही कुठे आहात ते कळवा. हवेचा थर नसतानाही आपलं आपसात जमतंय का ते आधी बघू. तुमची रिग किती चुकतेय ते माझ्याकडच्या आकड्यावरून लगेच सांगता येईल.

@खाडीकाठ, माझा जीपीएसडीओ पुढच्या महिन्यात घेऊन येतो. फेरीबोटीने जयगडहून तवसाळला उतरतो. ऑसिलोस्कोप तुमच्याकडे आहे का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

आहे, दोन चॅनेलचा, २० मेगाहर्ट्झचा जुना. पुरेल ना?

चिरेबंदी

पुरेल. १० मेगाहर्ट्झची लाट सरकते का एवढंच बघायचंय. दोन्ही केबल सारख्या लांबीच्या नसल्या तरी चालेल, पण टोकाला ५० ओहमचं टर्मिनेशन लावा. नाहीतर केबलमधून उलट फिरलेली लाट मूळ लाटेत मिसळते आणि ट्रिगर चुकीच्या जागी धरतो. आणि तुलना सुरू करण्याआधी दोन्ही डबे निदान एक रात्र चालू ठेवा.